चौक वाचायचा कसा? : धुळे, जळगाव, नंदुरबार आणि दूरचं क्राकूव



सहावी-सातवीच्या वर्गात "आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू सांगा" असा प्रश्न टाकला की उत्तरं ठरलेली असतात. लळिंगचा किल्ला, पारोळ्याचा भुईकोट, एरंडोलचा पांडववाडा, एखादं हेमाडपंती मंदिर. आजवर कुठल्याही मुलाने मला "चौक" असं उत्तर दिलेलं नाही. साहजिकच आहे. चौकात वास्तू कुठली? चौक म्हणजे तर रिकामी जागा. रिक्षा उभ्या राहतात, केळीच्या गाड्या लागतात, पुतळा असतो, आणि संध्याकाळी चालायला वाट मिळत नाही.

पण जरा विचार करा. गावात इंच-इंच जागेला भाव आहे, भावाभावांत हात-दोन हात जागेसाठी कोर्टकचेऱ्या चालतात. आणि त्याच गावाच्या ऐन मध्यावर एक तुकडा शंभर-दोनशे वर्षं कोणीही बांधला नाही. का बांधला नाही? कोणी ठरवलं? कोणासाठी मोकळा ठेवला? हे तीन प्रश्न म्हणजेच आजचा पाठ. किल्ल्याचा इतिहास सांगायला फलक तरी असतो. चौकाचा इतिहास आपणच वाचायला लागतो, आणि तो वाचता आला नाही तर चौक कधी संपला हेही कळत नाही.

"चौक" हा शब्द मूळ संस्कृत "चतुष्क" वरून आला. मराठीत त्याचे दोन अर्थ चालतात. वाड्यातला चौक, म्हणजे चारही बाजूंनी सोपे आणि मधे उघडं आभाळ. आणि गावातला चौक, जिथे रस्ते मिळतात. वाड्यातल्या चौकाचा मालक घरधनी असतो. गावातल्या चौकाला तसा धनी नसतो, आणि चौकाची खरी अडचण तिथेच आहे.

आधी एक लांबचा चौक पाहू. कारण त्याच्याबद्दल कागदपत्रं भरपूर आहेत आणि वाचनाची रीत त्यावरून चटकन लक्षात येते.

पोलंड देशात क्राकूव नावाचं शहर आहे. तिथला मुख्य चौक, त्यांच्या भाषेत "रिनेक ग्लुव्नी", मध्ययुगीन युरोपातल्या सर्वांत मोठ्या चौकांपैकी एक. एकेक बाजू सुमारे २०० मीटर. मुलांना मीटर सांगून उपयोग नाही. "दोन्ही हातांना शंभर मीटर शर्यतीचे दोन-दोन ट्रॅक लावले तर" असं सांगा, लगेच डोळे मोठे होतात. १२४१ मध्ये मंगोल स्वारीत क्राकूव उद्ध्वस्त झालं. त्यानंतर १२५७ मध्ये तिथल्या ड्यूकने, बोलेस्वाव त्याचं नाव, नवी सनद देऊन शहर पुन्हा वसवलं. दोरी लावून आखलं: मधे चौरस बाजार, त्याच्या बाजूंनी ठरावीक अंतरावर सरळ निघणारे रस्ते, आणि रस्त्यांच्या मधे घरांसाठी पाडलेले प्लॉट. चौकाच्या मधोमध लांबलचक कापडबाजाराची इमारत आहे, "सुकियेन्नित्से". १५५५ च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली आणि तिचं आजचं देखणं रूप तेव्हापासून घडत गेलं.

आता गंमत अशी की या काटकोनी चौकात दोन इमारती तिरक्या उभ्या आहेत. एक कोपऱ्यातलं सेंट मेरीचं मोठं चर्च आणि दुसरं बाजारातच उभं असलेलं सेंट अॅडल्बर्टचं इवलंसं चर्च. फोटो किंवा उपग्रह नकाशा मुलांसमोर ठेवा आणि फक्त विचारा, "सगळं सरळ आहे, मग या दोनच का वाकड्या?" दहा मिनिटं वाट पाहा, उत्तर सांगू नका. एखादं पोर बरोबर बोलतं: "त्या आधीपासून होत्या सर, चौक नंतर आला." बास! जी गोष्ट आखणीत बसत नाही ती आखणीच्या आधीची असते. चौक वाचण्याचा हा पहिला नियम, आणि तो मुलांनी स्वतः शोधलेला असतो.

दुसरी गोष्ट मनोऱ्याची. सेंट मेरी चर्चला दोन असमान मनोरे आहेत, एक ८१ मीटरचा, दुसरा ६९. उंच मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो आणि सूर मधेच तोडतो. का? तर म्हणे मंगोल आले तेव्हा पहारेकऱ्याने इशाऱ्याची तुतारी फुंकली आणि बाण गळ्यात घुसला, तिथेच सूर तुटला. गोष्ट ऐकून वर्ग गप्प होतो. मग हळूच विचारायचं: स्वारी १२४१ ची. आजचं चर्च चौदाव्या शतकात बांधलं. मग तो पहारेकरी या मनोऱ्यावर कसा असेल? गोष्ट वाईट नाही, पण गोष्ट आणि पुरावा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला शिकायचं. हा दुसरा नियम. तो आपल्याला धुळ्यात लगेच लागणार आहे.

धुळे : उजाड गावाचं सरळ रेषेतलं शहर

क्राकूव मंगोलांनी उजाड केलं, तसं धुळे १८०३ मध्ये उजाड झालं. होळकरांच्या फौजांची लुटालूट आणि त्याच वर्षीचा भयंकर दुष्काळ, या दोन्हींनी मिळून गाव पूर्ण ओस पडलं. तोपर्यंत धुळे म्हणजे लळिंगच्या हाताखालचं एक साधं गाव. लळिंग, सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते. विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी १८०४ मध्ये लोकांना परत आणून गाव वसवलं. त्याबद्दल त्यांना इनाम मिळालं, पुढे दोन्ही परगण्यांचा कारभारही आला आणि त्यांनी आपलं ठाणं धुळ्यातच ठेवलं. आपल्या मुलांना ब्रिग्ज साहेबाचं नाव कधीमधी ऐकू येतं, बाळाजी बळवंतांचं येत नाही. मला हे खटकतं. ओस गावात पहिली चूल पेटवणारा माणूस नकाशा काढणाऱ्याच्या आधी यायला हवा.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला पोलिटिकल एजंट. (हाच ब्रिग्ज पुढे फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून प्रसिद्ध झाला.) त्याने जिल्ह्याचं मुख्य ठिकाण म्हणून धुळे निवडलं. नकाशा समोर ठेवून मुलांना विचारा, का निवडलं असेल? मुंबईहून नाशिक-मालेगावमार्गे आग्र्याकडे जाणारी वाट बोटाने काढायला सांगा. पुढे शिरपूर, मग सेंधव्याचा घाट, मग माळवा. बोट धुळ्यावरूनच जातं.

त्या वेळचं धुळे ब्रिग्जच्या वर्णनात असं आहे: लहानसं गाव, भोवती बागायत, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट, आणि मधे दाटलेली वस्ती. हा पाट म्हणजे पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून निघणाऱ्या आपल्या फड पद्धतीचा भाग. साक्री-धुळ्याकडच्या पालकांना फड समजावून सांगायची गरज नाही. पण शहरी मुलांना हे जरूर सांगा की धुळ्याची जुनी हद्द भिंतीने नव्हे, पाण्याने आखलेली होती.

जानेवारी १८१९ मध्ये ब्रिग्जने कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली. कारागीर लांबलांबहून आणावे लागले. आणि मग त्याने जे केलं ते आजच्या भाषेत "योजना" म्हणावी असं आहे: व्यापाऱ्यांना घर-दुकानासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली. शिवाय पक्कं घर बांधायला उचल दिली, जुन्या रहिवाशांना आणि परक्यांनाही. लोक आले. पण लगेच आले असतील का? वर्गात हा प्रश्न चांगला रंगतो. तुम्ही १८१९ मधले व्यापारी आहात, नुकत्याच लढाया झाल्यात, मागच्याच वर्षी मालेगावला अरबांनी किल्ला लढवलाय, वाटा सुरक्षित नाहीत. फुकट जागा मिळते म्हणून बायकापोरं घेऊन याल? एका मुलीचं उत्तर होतं, "आधी एकटा येऊन दुकान टाकेन, पावसाळा काढेन, मग घरच्यांना आणेन." इतिहासाच्या पुस्तकात इतकं शहाणपण क्वचितच सापडतं.

आता थोडं गणित. १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं. १८७२ मध्ये २,६२० घरं आणि १२,४८९ माणसं. भागाकार करायला लावा. आधी एका घरात सरासरी सहाहून थोडी जास्त माणसं, नंतर पाचाहूनही कमी. म्हणजे त्रेपन्न वर्षांत माणसं पाचपट झाली, पण घरं साडेसहापट. वस्ती नुसती वाढली नाही, सैल झाली. जुन्या धुळ्याच्या दाटीतून लोक नव्या धुळ्याच्या मोकळ्या प्लॉटवर सरकले असावेत, असं हे आकडे सुचवतात. (त्याच १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर येऊन घरादारांचं फार नुकसान झालं. आकडे वाचताना हेही ध्यानात असू द्या.)

आणि आता जमिनीवर या. उपग्रह नकाशावर धुळे उघडा. नदीकाठच्या जुन्या धुळ्यात गल्ल्या वळत-वाकत जातात. शेजारी नवं धुळे बघा: आग्रा रोड सरळ, त्याला काटकोनात फुटणाऱ्या वाटा, आणि क्रमांक घातलेल्या गल्ल्या. क्राकूवचा पहिला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. वाकडं ते आधीचं, सरळ ते नंतरचं.

आमच्याकडे एका खेड्यातून आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, आठली गल्लीसले नाव काबर नही? नंबर काबर शे?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या गावात गल्ली आपोआप तयार होते तिथे तिला नाव पडतं: तेली गल्ली, कासार गल्ली, चौधरी वाडा. तिथे आधी माणसं येतात, मग गल्ली. जिथे कागदावर आधी रेघ मारतात आणि माणसं नंतर येतात, तिथे रेघेला नंबर मिळतो. धुळ्याची "गल्ली नंबर एक" म्हणजे शहर आखलेलं आहे याचा रोज पत्त्यावर लिहिला जाणारा पुरावा. (याच गल्ली नंबर एकमध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ ला गेले. मुलांना नेऊन आणा. जुना कागद डोळ्यांनी पाहणं आणि पुस्तकात वाचणं यात फरक आहे.)

आता दुसरा नियम, गोष्ट आणि पुरावा. "धुळे शहराची रचना सर विश्वेश्वरय्यांनी केली" हे वाक्य निबंधांत, भाषणांत, स्पर्धा परीक्षांच्या तयारीत इतक्यांदा येतं की ते खरं की खोटं हे कोणी विचारतच नाही. मुलांसमोर तारखा मांडा. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४ मध्ये दाखल झाले. नव्या धुळ्यातले प्लॉट १८१९ पासून वाटले गेले. आणि १८८० मध्ये छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये नव्या धुळ्याची घरं सरळ, नीट रस्त्यांवर बांधलेली आहेत आणि जुन्या धुळ्यात तशी नाहीत, अशी नोंद आधीच आहे. म्हणजे तरुण इंजिनियर विश्वेश्वरय्या इथे आले तेव्हा सरळ रस्ते त्यांच्या स्वागताला उभेच होते!

यात विश्वेश्वरय्यांचा मान कमी होत नाही. ते धुळ्यात होते, इथे त्यांनी काम केलं. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या एका पाटासाठी नळांचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं आहे. भारतरत्न झालेल्या इंजिनियरच्या उमेदवारीच्या काळातलं एक काम आपल्या फडाच्या पाण्यावर झालं, ही खरी गोष्ट त्या ऐकीव गोष्टीपेक्षा कितीतरी छान आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी सायफनचा पाठ इथे जोडून घ्यावा.

आग्रा रोडवरच्या चौकांची नावं मुलांकडून लिहून घ्या. पाच कंदील, फुलवाला चौक, कराचीवाला खुंट, बारा पत्थर. यात "खुंट" हा शब्द नीट बघा. खुंट म्हणजे कोपरा, नाका. हा शब्द गुजराती व्यवहारातही आहे, आणि खानदेशच्या बोलीचं आणि बाजारपेठेचं गुजरातशी किती जवळचं नातं आहे हे वेगळं सांगायला नको. "पाच कंदील" तर नावातच उजेड घेऊन आलंय. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची. वीज यायच्या आधी रस्त्यावर दिवाबत्ती म्हणजे रॉकेलचे कंदील. संध्याकाळी माणूस शिडी खांद्यावर टाकून यायचा, काच पुसायचा, वात पेटवायचा. गल्लीच्या तोंडाला एक कंदील मिळाला तरी नशीब. तिथे एका चौकाच्या नावात पाच! एवढा उजेड कुठे लागतो, असं विचारलं की मुलं बरोबर सांगतात: जिथे रात्रीही गर्दी असते तिथे. म्हणजे बाजार. आज तिथे किती दिवे आहेत हे मोजायला सांगू नका, वही संपेल.

इमारती बघायच्या तर एक साधी युक्ती: वर बघा. तळमजला दर दहा वर्षांनी बदलतो. शटर बदलतं, टाइल्स येतात, फ्लेक्सचा बोर्ड लागतो. वरच्या मजल्यावर कोणाचं लक्ष नसतं, म्हणून वय तिथे टिकून राहतं. लाकडी गॅलरी, तिला धरणारे कोरीव घोडे, कडीपाटाची कड, पन्हाळी पत्रा. जुन्या पेठेतलं घर असंच असायचं: खाली दुकान, मागे कोठार, वर राहणं, आणि दुकान व रस्ता यांच्या मधे ओटा. ओटा ही फार हुशार जागा. तो घराचाही आणि रस्त्याचाही. त्यावर गिऱ्हाईक टेकतं, म्हातारे बसतात, पोरं खेळतात. आणि गावाकडचं धाब्याचं घर? सपाट मातीचं छत आपल्याकडे चालतं, कारण पाऊस कमी. कोकणातून बदलून आलेल्या सहकाऱ्याला धाबं दाखवलं की आधी विश्वासच बसत नाही. क्राकूवच्या उतरत्या छपरांशी तुलना करायला लावा: तिथे बर्फ घसरून पडायला हवा, इथे उन्हाळ्याच्या रात्री छतावर झोपता यायला हवं.

जळगाव : रथ वळेल एवढी जागा

जळगावची गोष्ट वेगळी. धुळ्याला साहेबाने दोरी लावली, जळगावला कापसाने आणि रेल्वेने वाढवलं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, भाव आभाळाला भिडले आणि जळगाव खानदेशातली कापसाची मोठी पेठ झालं. १८६४ मध्ये तिथे नगरपालिकाही आली. युद्ध संपलं तसे भाव कोसळले आणि बाजाराला जबर फटका बसला, पण शहर उभं राहिलं होतं. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण जळगावच ठरलं, पश्चिमेचं धुळे.

या व्यापारी गावात एक चौक मात्र व्यापाराच्या हिशेबाने वाचता येत नाही. रथ चौक. जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा रथ १८७२ मध्ये अप्पा महाराजांनी सुरू केला. कार्तिकी एकादशीला तो निघतो. त्याआधीचे दिवस रोज संध्याकाळी वेगवेगळी वहनं निघतात, मग एकादशीला लाकडी रथ, दोरांनी ओढलेला.

मुलांना इथे वास्तुशास्त्र नाही, यंत्रशास्त्र शिकवा. रथाला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. चाकाखाली लाकडी मोगरी लावून तो थांबवतात आणि वळवतातही. मोगरी लावणं हे जोखमीचं काम आणि मानाचंही; एका इशाऱ्यावर मोगरी सारायची आणि हात काढून घ्यायचा. असा रथ गल्लीतून सरळ जाऊ शकतो, पण वळायला त्याला जागा लागते. एक ओटा दोन हात पुढे आला, एक पायरी रस्त्यात उतरली, एक खांब चुकीच्या जागी रोवला, की रथ अडला. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस अतिक्रमण कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. एकादशीला ते अख्ख्या गावाला दिसतं. मला वाटतं, जुन्या जळगावच्या वाटा आणि चौक जेवढे रुंद उरलेत त्याचं थोडं श्रेय नगरपालिकेच्या नियमांइतकंच रथाच्या चाकांनाही आहे. रथ म्हणजे दरवर्षी गावातून फिरणारी मोजपट्टी.

रथ कुठे थांबतो हेही टिपून घ्या. भिलपुरा भागात लालशा बाबांच्या समाधीपाशी तो थांबतो, समाधीवर फुलांची चादर चढते, मुस्लिम मंडळी रथाचं स्वागत करतात, मग रथ पुढे जातो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात "सलोखा" हा धडा शिकवताना आपण लांबची उदाहरणं देतो. हे उदाहरण आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तेही चाकं थांबवून शिकवणारं. धुळ्यातही खोल गल्लीच्या बालाजीचा रथ आश्विनी एकादशीला निघतो. धुळेकर पालकांनी तो मार्ग असाच तपासावा.

नंदुरबार : माणिक चौक

नंदुरबार आज स्वतंत्र जिल्हा आहे, १ जुलै १९९८ पासून. पण १९४२ मध्ये ते पश्चिम खानदेशातच होतं. ९ सप्टेंबर १९४२, म्हणजे "चले जाव" ठरावानंतर महिन्याभराने, शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी अडवलं. तिरंगा हातात धरलेला शिरीषकुमार मेहता, वय पंधरा, गोळी लागून पडला. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हेही गेले. माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे.

हा पाठ भाषणासारखा घेऊ नका. मुलांना चौकाचं चित्र काढायला सांगा आणि विचारा: मिरवणूक कुठल्या वाटेने आली असेल? पोलीस कुठे उभे राहिले असतील? पळायचं ठरवलं तर कुठल्या गल्लीत शिरता आलं असतं? बाजारातली दुकानं त्या क्षणी उघडी असतील तर? पंधरा वर्षांचा मुलगा आणि आपल्या वर्गातला नववी-दहावीचा मुलगा एकाच वयाचे असतात. हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं, आपण सांगावं लागत नाही. आमच्या वर्गात त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नव्हतं.

क्राकूवच्या चौकातही असाच एक प्रसंग आहे. २४ मार्च १७९४ ला कोश्चुश्को नावाच्या सेनापतीने तिथे सर्व लोकांसमोर स्वातंत्र्यासाठी शपथ घेतली. ती जागा फरशीत कोरून ठेवली आहे. बंड, शपथ, मोर्चा, सगळं चौकातच का होतं? बाजारात लोक आधीच जमलेले असतात म्हणून, असं एक उत्तर. रस्ता सगळ्यांचा असतो म्हणून, असं दुसरं. मुलं तिसरंही देतील.

एक नोंद मला स्वतःला फार आवडते. क्राकूवच्या चौकात पूर्वी मोठा नगरवाडा होता. चौक मोकळा करायचा म्हणून १८२० मध्ये तो पाडला, फक्त मनोरा ठेवला. नेमक्या त्याच सुमारास इकडे धुळ्यात कॅप्टन ब्रिग्ज मोकळ्या रानावर रेघा मारून प्लॉट वाटत होता. तिकडे जागा रिकामी करत होते, इकडे भरत होते.

वर्गात आणि घरी

हा उपक्रम तीन तासिका आणि एका रविवारची सकाळ एवढ्यात होतो. रविवारी सकाळी सातच्या आत जा. दुकानं उघडली की मोजणी होत नाही, आणि मुलांना वाहनांपासून सांभाळणं अवघड जातं. साहित्य फारसं नको: चौकटीची वही, पेन्सिल, दोरी, आणि एक खडू. आधी शाळेच्या मैदानावर प्रत्येकाने दहा मीटर चालून आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं ते काढायचं. मग चौक पावलांनी मोजायचा. दोघांची मोजणी जुळत नाही, भांडणं होतात, पुन्हा मोजतात. होऊ द्या. भूमितीच्या तासाला "सरासरी का काढायची" हे सांगायला मग काही उरत नाही.

मोजताना दोन रुंद्या घ्यायच्या. एक भिंतीपासून भिंतीपर्यंत, म्हणजे जुन्या इमारतींच्या तोंडांमधलं अंतर. आणि दुसरी प्रत्यक्ष चालता येईल एवढी, म्हणजे पायऱ्या, पत्र्याचे छज्जे, फलक, उभ्या गाड्या वजा करून. दोन्हींमधला फरक काढला की मुलं अवाक होतात. कोणा दुकानदाराचं नाव वहीत लिहायचं नाही, हे आधीच बजावा. आपण तक्रार करायला गेलेलो नाही, आणि पोटासाठी हातगाडी लावणाऱ्या माणसाकडे मुलांनी बोट दाखवावं असं मला मुळीच वाटत नाही. हातगाडी रात्री घरी जाते. पक्की पायरी जात नाही. हा फरक मुलांना दाखवला तर ते रागावण्याऐवजी विचार करतात.

पालकांसाठी एक सोपं काम: आजी-आजोबांना एकाच चौकाबद्दल विचारा, "इथे आधी काय होतं?" मुलाने ते त्यांच्याच बोलीत लिहावं, अहिराणी असेल तर अहिराणीत, लेवा गणबोलीत असेल तर तशीच. शुद्ध करून लिहायला लावू नका. "ह्या चौकमा पहिले बैलगाड्या उभ्या ऱ्हायेत" या वाक्यात जी माहिती आहे ती प्रमाण भाषेत उतरवताना अर्धी गळते. तीन-चार घरांतून एकच गोष्ट आली तर तिच्याखाली रेघ मारायची. एकाच घरातून आली तर प्रश्नचिन्ह घालून ठेवायची, टाकून द्यायची नाही.

जळगावकरांनी मात्र तारीख पाहून जावं. कार्तिकी एकादशीच्या आठ-दहा दिवस आधी रथ मार्गावरच्या वळणांची रुंदी मोजून घ्या. एकादशीला तिथे मोजायला काय, उभं राहायलाही जागा मिळत नाही. वहीवर तारीख, वार, वेळ आणि मोजणाऱ्यांचा वर्ग लिहा, आणि ती वही घरी न देता शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या सातवीला त्याच वळणावर, त्याच दोरीने मोजायचं आहे.